पाट दिला की निश्चिंत: मूर्तीची ऑर्डर, उशीर आणि मधली शांतता

हे आजच्या भागाचं लिखित रूप. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांना काही वाक्यं वेगळी वाटतील, कारण बोलताना मी जिथं अडखळतो तिथं लिहिताना जरा सरळ चालता येतं.

आजचा विषय छोटा वाटेल. आपण एखाद्या कारागिराला सांगून मूर्ती, पुतळा, बाहुली, काहीही घडवून घेतो. तो तारीख देतो, ती तारीख निघून जाते. मग आपण मेसेज करतो, निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. हे आत्ताचं, मोबाईलच्या काळातलं दुखणं आहे असं आपल्याला वाटतं. उशीर तर फार जुना आहे. पण उशीर झाला तर एकमेकांशी कसं वागायचं याची एक रीत आपल्याकडे होती. ती रीत कशी होती आणि कुठे गळून पडली, हे आज बघू.

सुरुवात शब्दापासून. आज पोरं ‘ॲक्शन फिगर’, ‘कलेक्टिबल’ म्हणतात. जुन्या मराठीत मातीच्या छोट्या आकृतीला ‘चित्र’ म्हणायचे. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण जे मावळे, तोफा, वाघ आणि सिंहासनावरचे महाराज मांडतो, त्यांना अजून बऱ्याच घरांत ‘किल्ल्यावरची चित्रं’ म्हणतात. आपल्यातल्या बहुतेकांचा पहिला संग्रह तोच. बुटाच्या खोक्यात कागदात गुंडाळून ठेवलेला, दरवर्षी एखाद्याचा भाला मोडलेला. एकोणिसाव्या शतकात पुण्याची रंगवलेली मातीची चित्रं साहेबलोक विकत घ्यायचे. पुणे, लखनौ आणि बंगालातलं कृष्णनगर ही अशा कामाची नावाजलेली ठिकाणं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतल्या जातीजमातींची आणि धंद्यांची छोटी मातीची रूपं आजही काचेच्या कपाटांत उभी आहेत. म्हणजे हौशीनं आकृती करवून घेणं आणि जपून ठेवणं यात आपल्याला नवीन काही नाही.

आता थोडं माझं, कारण त्याशिवाय मी या विषयाकडे वळलोच नसतो. माझे आजोबा गेले. ते वारकरी होते. वर्षश्राद्धाला घरी त्यांची नऊ इंचांची आकृती असावी अशी माझी इच्छा होती. धोतर, टोपी, गळ्यात वीणा, एक पाय जरा पुढे. अशी कामं करणारा एक तरुण कलाकार सापडला. तो आधी कॉम्प्युटरवर आकार घडवतो, रेझिनमध्ये छापतो आणि मग हातानं रंगवतो. तिथी मी पहिल्याच मेसेजमध्ये सांगितली होती. अर्धे पैसे आधी दिले. त्यानं आठ आठवडे सांगितले. चौथ्या आठवड्यात एक फोटो आला. आकार तयार होता, चेहरा कोरा होता, डोळे नव्हते. त्यानंतर शांतता. सात आठवडे एक शब्द नाही. तिथी आली आणि गेली. आजीनं नेहमीच्या फोटोला हार घातला. आकृती आली अकरा आठवडे उशिरा, खोक्यावर ‘सॉरी दादा’ असं लिहिलेली चिठ्ठी चिकटवून.

काम उत्तम होतं, हे सांगायलाच हवं. आजीनं ती हातात घेतली, वीणेवरची बोटं निरखून बघितली आणि म्हणाली, “बोटं त्यांचीच आहेत.” पण ते सात आठवडे माझ्या डोक्यातून जाईनात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे उशीर ही रोजची भाजीभाकरी आहे. उशिरानं माझं डोकं फिरत नाही. मग इथं नेमकं काय दुखलं? ते शोधायला मी मागं गेलो, आणि बराच मागं गेलो.

उशिराच्या इतिहासात पहिला मान मायकलअँजेलोचा. पोप दुसरा ज्युलियस यानं १५०५ मध्ये त्याला स्वतःच्या थडग्याचं काम दिलं. सुमारे चाळीस पुतळ्यांचा भव्य बेत होता. काम संपलं १५४५ मध्ये. चाळीस वर्षं! पोप तर १५१३ मध्येच वारला होता. मधल्या काळात करार पुन्हा पुन्हा बदलले, बेत आक्रसत गेला, आणि शेवटी भिंतीला टेकून उभं एक बरंच लहान स्मारक झालं. त्यात मध्यभागी मोझेसचा तो जगप्रसिद्ध पुतळा आहे. आता हा उशीर कोणाचा? थडग्याचं काम बाजूला ठेवून सिस्टाइन चॅपेलचं छत रंगवायला त्याला कोणी लावलं? त्याच पोपनं. १५०८ ते १५१२ ही वर्षं त्या छतात गेली. आमच्या ऑफिसातही असंच होतं. ‘हे सोड, आधी ते कर’ म्हणणारा आणि नंतर ‘हे का झालं नाही’ विचारणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो.

आता घरचं उदाहरण. पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तो घडवला विनायक पांडुरंग करमरकर यांनी. करमरकर आमच्या रायगड जिल्ह्यातले, अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याचे, जन्म १८९१ चा. गावच्या देवळाच्या भिंतीवर या पोरानं घोड्यावरचे शिवाजी महाराज काढले होते. ते तेव्हाचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी पोराची मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जायची सोय केली. सासवण्याला आजही त्यांचं शिल्पालय आहे. मांडव्याला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून बघावं असं.

पुण्याच्या या स्मारकामागे मुख्य उभे होते राजर्षी शाहू महाराज. कोनशिला बसली १९ नोव्हेंबर १९२१ ला, प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. पुतळ्याचं अनावरण झालं १६ जून १९२८ ला, मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. मधे जवळजवळ सहा वर्षं सात महिने. आता या काळात काय काय झालं बघा. कोनशिलेनंतर सहा महिन्यांत, ६ मे १९२२ ला, शाहू महाराज गेले. स्मारकासाठी झटणारे दुसरे मोठे आश्रयदाते ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे जून १९२५ मध्ये पॅरिसला वारले. मग कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या काळात काम तडीस गेलं. काम करवून घेणारेच एकामागून एक निघून गेल्यावर नुसत्या कोनशिलेवरची तारीख बघून उशिराचा हिशेब शिल्पकाराच्या नावावर मांडता येत नाही.

आणि ते काम तरी कसलं! साडेतेरा फूट उंच, वजन आठ टन, आणि अख्खा पुतळा एकसंध ओतलेला. असे मोठे पुतळे सहसा तुकड्यातुकड्यांनी ओतून मग जोडतात. तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा ओतता येतो. एकसंध ओतकामात ही सोय नाही. वितळलेला धातू साच्यात एकदा सोडला की तो सगळीकडे पोचला तर पोचला. एखाद्या ठिकाणी हवा अडकली, धातू आधीच गार झाला, तर मागचे सगळे महिने वाया. मुंबईत ओतलेला हा पुतळा रेल्वेनं पुण्याला नेला. म्हणजे ओतकाम जमल्यावरही घाट उरलाच होता. अशा कामात शिल्पकार ‘अजून थोडं थांबा’ म्हणत असेल, तर त्या थांबण्याला अर्थ असतो.

घाईचं उदाहरणही आपल्या डोळ्यासमोरचं आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनाला, पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. चौकशी समितीनं गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं दिल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. सगळा दोष घाईचाच, असं मी म्हणणार नाही. पण कार्यक्रमाची तारीख गाठली म्हणजे काम झालं, या समजुतीला तो चांगलाच धक्का होता. १९२८ चा पुतळा जवळपास शंभर वर्षांनी तिथेच उभा आहे.

इथपर्यंत हिशेब कारागिराच्या बाजूनं झुकला. पण थांबा. मोठ्या पुतळ्यांच्या मागे राजे, समित्या, गव्हर्नर असतात. मी आणि तुम्ही समिती नसतो. आपल्यासारख्या साध्या घरांनी पिढ्यानपिढ्या मूर्ती घडवून घेतल्याच ना? दरवर्षी घेतो. गणपती!

मी राहतो करंजाडेत. इथून पेण तासाभरावर. पेण आणि आजूबाजूची हमरापूर, जोहे ही गावं म्हणजे गणपतींचं माहेर. एका वर्षीचे गणपती गेले की काही दिवसांत पुढच्या वर्षीचं काम सुरू. परदेशात जाणाऱ्या मूर्ती तर बोटीनं जायच्या म्हणून कित्येक महिने आधीच निघतात. कारखान्यात आधी साच्यातून कच्ची मूर्ती निघते. मग ती घासून गुळगुळीत करतात, सांधे बुजवतात, सुकवतात. मग रंग, आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. आखणी करणारा हात वेगळा असतो. कारखान्यातले वीस जण रंग देऊ शकतील, डोळे दोघं-तिघंच काढतात. म्हणून सगळं काम शेवटी त्या दोन-तीन हातांपाशी येऊन तुंबतं. आमच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण यंत्रणेचा वेग तिच्या सगळ्यात अरुंद जागेवर ठरतो. मला आलेल्या फोटोतल्या आजोबांना डोळे का नव्हते, ते मला पेणचं काम समजून घेतल्यावर उमगलं.

आता ती रीत. तळकोकणात मूर्तीच्या कारखान्याला ‘गणपतीची शाळा’ म्हणतात. पुष्कळ घरांत आजही नागपंचमीच्या सुमारास घरातला पाट शाळेत नेऊन देतात. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि त्याच पाटावरून घरी येते. पाटाच्या मागे खडूनं किंवा रंगानं घराण्याचं नाव. नीट बघितलं तर हा पाट म्हणजे लेखी ऑर्डर आहे. पाटाच्या आकारावरून मूर्ती केवढी हवी ते कळतं. नावावरून कोणाची ते कळतं. गेल्या वर्षी लंबोदर होता की बालगणेश, सोवळं पिवळं की लाल, हे मूर्तिकाराला पाठ असतं, कारण त्याच्या बापानं तुमच्या आजोबांचा गणपती केलेला असतो. आणि पाट देऊन आलात की तुमची वस्तू त्याच्या घरात आहे. नाव लिहिलेला पाट भिंतीला टेकलेला रोज दिसतो. त्या पाटाला तो ‘नंतर बघतो’ म्हणू शकत नाही.

या रीतीत तीन गोष्टी होत्या. एक, तारीख. भाद्रपद शुद्ध चतुर्थी. ती मूर्तिकारानं दिलेली नसते आणि गिऱ्हाईकानंही दिलेली नसते. पंचांगानं दिलेली असते. २०२४ ला ती ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, म्हणजे अकरा दिवस अलीकडे. अधिक महिना आला की पुन्हा पुढे सरकते. पण सरकते ती सगळ्यांसाठी सारखीच, आणि कधी सरकणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक. दोन, उघडं दार. शाळेत कोणीही डोकावू शकतं. शाळेतून घरी जाताना पोरं तिथे तासन्‌तास बसतात. ‘आमचा कुठवर आला?’ हा प्रश्न विचारावाच लागत नाही, आपला गणपती अजून पांढरा आहे हे दिसतं. तीन, तो पाट. ओळखीची, नावाची, परत न्यायची वस्तू.

म्हणून आपले आजोबा पाट देऊन निश्चिंत झोपायचे. मूर्तिकार फार वक्तशीर होते असं नाही हो. हरतालिकेच्या रात्री दिवे लावून आखणी चालायचीच, आजही चालते. पण उशीर सगळ्यांच्या डोळ्यासमोर व्हायचा.

आणि ही रीत तुटली की मूर्तिकाराचे काय हाल होतात तेही अलीकडेच दिसलं. २०२० मध्ये करोनामुळे सरकारनं सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली. निर्णय आला जुलैमध्ये, आणि मूर्तीचं काम तर आधीच्या हिवाळ्यापासून चालू असतं. प्लास्टर ऑफ पॅरिसचंही तसंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना मे २०२० च्या. मग बंदी, स्थगिती, कोर्ट, पुन्हा बंदी. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मूर्ती करायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन कोर्टाच्या परवानगीशिवाय नाही असं बजावलं. चतुर्थी ऑगस्टमध्ये. शाडूची मूर्ती जड, नाजूक, पावसाळी हवेत सुकायला वेळ घेणारी. प्लास्टरची हलकी आणि लवकर सुकणारी. यातलं काय करायचं हे कारखानदाराला हिवाळ्यातच ठरवावं लागतं. नदी आणि खाडी वाचली पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण ज्याचं वर्षभराचं भांडवल मूर्तींत अडकलंय, त्याला उत्तर उन्हाळा संपल्यावर देणं हीसुद्धा निळ्या खुणांचीच गोष्ट झाली. मेसेज वाचला, उत्तर नाही. शांततेचा त्रास फक्त गिऱ्हाइकालाच होतो असं समजू नका.

आता कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या ५५ व्या कलमाचा साधा अर्थ असा की, ठरलेली वेळ हाच कराराचा गाभा आहे असं दोन्ही बाजूंच्या मनात असेल, आणि वेळ पाळली गेली नाही, तर समोरच्याला करार मोडता येतो. वेळ हा गाभा नसेल तर करार मोडता येत नाही, नुकसानभरपाई मात्र मागता येते. आणि उशिरा आलेलं काम तुम्ही काही न बोलता स्वीकारलंत, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. भरपाई हवी तर स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. बघा, दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यानंही शेवटी बोट ठेवलंय ते सांगण्यावर, कळवण्यावर.

आमच्या करंजाडेत हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. सिडकोच्या या वसाहतीत नव्या इमारती इतक्या, की ‘पझेशन कधी?’ हा प्रश्न इथे ‘जेवलात का?’ इतका नेहमीचा. रेरा कायदा आला २०१६ मध्ये, महारेराचं काम सुरू झालं मे २०१७ पासून. त्यातली मला सगळ्यात आवडलेली तरतूद म्हणजे बिल्डरनं दर तीन महिन्यांनी बांधकाम कुठवर आलं ते संकेतस्थळावर टाकायचं. कायद्यानं उशीर बंद झाला का? नाही झाला. पण काम कुठवर आलंय ते बघायची सोय झाली. गणपतीच्या शाळेचं उघडं दारच ते, फक्त सरकारी शिक्क्याचं.

तर मग आजचा एकटा कलाकार. त्याच्याकडे पंचांगाची तारीख नाही, दहा गिऱ्हाइकांच्या दहा वेगळ्या तारखा आहेत. त्याच्या खोलीचं दार आपल्याला दिसत नाही. आणि त्याच्या भिंतीला आपला पाट टेकलेला नाही, आपण त्याच्या फोनमधली एक ओळ आहोत, जी नव्या मेसेजांखाली सरकत जाते. घडवणारा, रंगवणारा, डोळे काढणारा, पार्सल करणारा आणि उत्तरं देणारा माणूस एकच. पेणच्या कारखान्यात रंगारी रंगवत असतो तेव्हा गिऱ्हाइकाशी मालक बोलतो. इथे बोलायला बसलं की ब्रश खाली ठेवावा लागतो. शिवाय काम अडलं की सांगायची लाज वाटते. एक आठवडा गप्प राहिलं की दुसऱ्या आठवड्यात सांगणं आणखी जड होतं. माझ्या टीममध्ये चांगल्या चांगल्या हुशार मुलांना मी याच खड्ड्यात पडताना बघितलंय.

पण म्हणून त्या सात आठवड्यांची शांतता मी माफ करतो का? नाही. आठ आठवड्यांचे एकोणीस होणार हे मला पाचव्या आठवड्यात कळलं असतं, तर मी आजीला तसं सांगितलं असतं. ती वाट बघत राहिली नसती. तिथीच्या सकाळी तिनं दोनदा विचारलं, “पार्सल आलं का रे?” कलाकाराचा उशीर माझ्यापुरता होता, त्याची शांतता तिच्यापर्यंत पोचली.

म्हणून ऐकणाऱ्यांपैकी जे अशी ऑर्डर देतात त्यांच्यासाठी, या सगळ्या इतिहासातून मी काढलेलं थोडंसं. तिथी असेल तर तिथी म्हणून सांगा आणि लिहून घ्या. तारीख पुढे गेली तर काय करायचं तेही त्याच कागदावर असू दे. पैसे टप्प्यांना बांधा: कच्चा आकार, रंग, डोळे. प्रत्येक टप्प्याला एक फोटो, बस. त्याहून जास्त मागू नका, त्याला काम करू द्या. मधेच ‘वीणेऐवजी टाळ करा’ म्हणायचं असेल तर चॅपेलच्या छताची आठवण ठेवा आणि तारीख आपणहून पुढे ढकला. आणि जे घडवतात त्यांच्यासाठी एकच. पंधरा दिवसांतून एकदा दार उघडा. काहीही झालं नसेल तर ‘या पंधरवड्यात काही झालं नाही’ एवढंच लिहा. लोक त्यावर चिडतील, पण थांबतील. आपण थांबणारी माणसं आहोत. पुढच्या वर्षी लवकर या, असं म्हणून पाण्यात सोडतो आणि वर्षभर थांबतो, ते कोणी येणार हे नक्की ठाऊक असतं म्हणून.

या भागाबद्दल तुमच्या गावची पाटाची, शाळेची, मूर्तिकाराची काही वेगळी रीत असेल तर नक्की कळवा. मी उत्तर देतो. उशीर झाला तर तसं सांगून. भेटू पुढच्या भागात.